बिबळ्याचा पेला

गल्लीच्या तोंडाशी लाकूड कातण्याचं दुकान होतं आणि त्या दुकानातल्या माणसाला सगळे भोवऱ्या म्हणत. तो भोवरे करायचा म्हणून नव्हे. एका जागी टिकायचा नाही म्हणून. नाव त्याच्या मोठ्या बहिणीनं ठेवलेलं, आणि ताईनं ठेवलेलं नाव बदलायची कुणाची टाप नव्हती. शाळेत घातला, पळून आला. छापखान्यात लावला, तिथून पळाला. बेकरीतून तर पीठ लागलेल्या कपड्यांनिशीच पळाला. शेवटी ताईनं त्याचा कान धरून त्याला एका म्हाताऱ्या उस्तादापुढे उभा केला आणि सांगितलं, "हा पळाला तर मला कळवा. तंगडी मोडून परत आणून देते." लेथवर लाकूड गरागरा फिरतं आणि माणसानं एका जागी उभं राहायचं असतं. असला धंदा या पोराला कसा मानवला कोण जाणे, पण मानवला. पुढे उस्ताद गेले, दुकान त्याचं झालं, त्याचे केस पांढरे झाले, तरी नाव भोवऱ्याच राहिलं.

ताई रफू करायची. जिन्याखालच्या खोलीत खिडकीला लागून तिची खुर्ची, समोर उतरतं टेबल आणि भिंतीवर दोऱ्यांच्या रिळांचे खणच्या खण. सिगारेटनं जळलेला कोट असो की कसरीनं खाल्लेली शाल, ताईच्या हाताखालून गेली की भोक कुठे होतं ते मालकालाही सापडायचं नाही. हात चांगला होताच, पण तिची खरी मिरास होती ती डोळ्यांची. काळा नावाचा रंगच नसतो, असं तिचं म्हणणं. निळसर काळा असतो, तांबूस काळा असतो आणि धुऊन धुऊन म्हातारा झालेला काळा असतो. आणि ज्याला हे तिन्ही एक दिसतात त्यानं सरळ गोणपाट शिवावं. गिऱ्हाइकासमोर ती हे इतक्या ठसक्यात बोलायची की माणूस आपल्या कोटाकडे नव्यानं बघायला लागायचा.

आई लवकर गेली तेव्हापासून भोवऱ्याला वाढवलं ते ताईनंच. खाऊ घातलं, मारलं, तापात उशाशी बसली. कौतुक तेवढं कधी केलं नाही. तो तिच्यासाठी काहीबाही करून न्यायचा. लाटणं नेलं, ते एका अंगाला जाड निघालं. ताई म्हणाली, "यानं नवऱ्याला बडवता आलं असतं. तोही राहिला नाही आता." स्टूल नेलं, ते डुगडुगलं. तिनं त्याच्या एका पायाखाली चिंधीची घडी सारली आणि आल्यागेल्याला स्टूल सोडून ती चिंधी दाखवत राहिली. भोवऱ्या हसायचा, पण गल्लीभर ज्याच्या कामाची वाहवा होते, त्याला घरात एक शब्द मिळू नये, हे त्याला आतून लागायचं. इतकी वर्षं त्याला काय हवं होतं म्हणाल तर ताईच्या तोंडून एकदा 'जमलं' ऐकायचं होतं, बाकी काही नाही.

मग ताईला मधुमेह निघाला. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, खाण्यावर बंधनं घातली आणि साखर आवरली नाही तर इंजेक्शन घ्यावं लागेल म्हणून बजावलं. जन्मभर सुई हातात धरलेली ही बाई, पण इंजेक्शन म्हटलं की तिच्या तोंडचं पाणी पळायचं.

"अगं आई, तूच अशी घाबरलीस तर कसं?" तिची मुलगी म्हणायची.

"माझी सुई कापडात जाते. कापड कधी ओरडलंय का?" ताई म्हणायची, आणि विषय तिथेच मिटायचा.

भोवऱ्याला तेव्हा उस्तादांची आठवण झाली. उस्ताद बिबळा नावाच्या रानझाडाच्या लाकडाचे पेले करायचे. संध्याकाळी पेल्यात पाणी भरून ठेवायचं आणि सकाळी उपाशीपोटी प्यायचं. साखरेला उतार पडतो, असं जुनी माणसं सांगत. भोवऱ्यानं लाकडाच्या वखारी पालथ्या घातल्या आणि एक जुना ओंडका मिळवला. वरचं पांढरट लाकूड काढून टाकलं, आतला तांबूस गाभा तेवढा घेतला आणि जीव ओतून एक पेला कातला. हा डुगडुगायला नको म्हणून बूड इतकं सपाट केलं की काचेवर ठेवला तरी हलला नसता.

संध्याकाळी तो ताईकडे पाणी भरून ठेवून आला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या दारात हजर झाला. ताईनं पेल्यातलं पाणी काचेच्या ग्लासात ओतलं आणि ग्लास खिडकीशी उजेडात धरला. पाणी मधासारखं झालं होतं, आणि जरा कलतं केलं की कडेला निळी झाक मारत होतं. ताई बराच वेळ बघत राहिली. मग वळून तिनं भिंतीवरच्या रिळांकडे पाहिलं.

"हा रंग माझ्याकडे एकाही रिळात नाही," ती म्हणाली. "भोवऱ्या, हे मात्र जमलं बरं का तुला."

झालं. भोवऱ्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्या दिवशी त्यानं दुकानात काय कातलं आणि काय बिघडवलं त्याचं त्यालाच ठाऊक.

आता ताईची तऱ्हा अशी, की एखादी गोष्ट तिच्या मनात भरली की ती गल्लीच्या मनात भरवल्याशिवाय तिला चैन पडायची नाही. प्रत्येक गिऱ्हाइकाला तो ग्लास दाखवून व्हायचा. "पेला माझ्या भावानं केलाय," ती म्हणायची. स्टुलाखालची चिंधी कुणाला दाखवणं तिनं बंदच करून टाकलं. लोक पेले मागायला भोवऱ्याच्या दुकानात यायला लागले. ताईनं गोड सोडलं होतं, सकाळी चालायला लागली होती, गोळ्याही चालू होत्या. त्यामुळे साखर उतरली. पण श्रेय मिळालं ते पेल्याला. डॉक्टरांना काय, ते रोज थोडेच खिडकीत रंग दाखवत होते!

बिबळ्याचा पेला काही जन्माचा सोबती नसतो. महिनाभरात त्याचा रंग उतरायला लागतो, मग पाणी पाण्यासारखंच राहतं. उस्ताद गिऱ्हाइकाला सरळ सांगायचे, रंग गेला की पेला चुलीत घाला. भोवऱ्याही बाकीच्यांना तेच सांगायचा. पण एका रविवारी त्यानं ताईच्या पेल्यातलं पाणी पाहिलं, ते फिकट पडलं होतं. ताई अजून उठायची होती. त्यानं पाणी मोरीत ओतलं आणि ती उठल्यावर तिला म्हणाला, "पेल्याला वास यायला लागलाय. धुऊन आणतो."

दुकानात नेऊन त्यानं वाकड्या पात्याच्या पटाशीनं पेला आतून हलकेच खरवडला. खालचं ताजं लाकूड उघडं पडलं. दुसऱ्या दिवशी रंग असा आला की ताईनं शेजारणीला हाक मारून दाखवला. नवीन पेला का नाही केला, असं तुम्ही विचाराल. नवीन केला असता तर जुन्याचा गुण संपला हे सांगावं लागलं असतं. आणि ताई गल्लीला सांगत सुटली होती की माझ्या भावाच्या पेल्याचा रंग जात नाही, बाकीचे पेले कसले! मग दर रविवारी भोवऱ्या पेला 'धुवायला' न्यायला लागला.

ताईनं गोळ्या कधी सोडल्या ते त्याला नक्की कळलं नाही. एकदा बटणांच्या डब्यात काहीतरी शोधताना त्याला गोळ्यांची अख्खी पाकिटं दिसली, एकही गोळी न काढलेली.

"ताई, या गोळ्या?"

"त्यानं मळमळतं मला. आणि रंग येतोय ना रोज? रंग येतोय म्हणजे औषध उतरतंय. मला रंगातलं शिकवू नकोस."

भोवऱ्यानं डब्याचं झाकण लावलं. पुढे ताईनं रक्त तपासणंही सोडलं. मुलगी ओरडायची, रडायची. "मामा, तू तरी सांग रे तिला," म्हणायची. मामा 'हो, बघतो' म्हणायचा आणि मूग गिळून बसायचा.

असं चाललं असताना एक बाई त्याच्या दुकानात आल्या. शहराबाहेरच्या एका संशोधन संस्थेत त्या काम करायच्या. जुन्या औषधांतल्या झाडपाल्यात मधुमेहावर चालेल असं काही हाती लागतं का, ते तिथे तपासत. त्यांना बिबळ्याच्या गाभ्याचा भुसा हवा होता, वरच्या लाकडाची भेसळ नको होती. भोवऱ्यानं पिशवी भरून दिली. बाई मोकळ्या स्वभावाच्या होत्या. लेथशेजारच्या ठोकळ्यावर बसून त्यांनी चहा घेतला आणि आपल्या कामाबद्दल सांगितलं.

"या लाकडात कामाचे वाटतात असे पदार्थ आहेत," त्या म्हणाल्या. "अर्क देऊन उंदरांची साखर उतरलेली दिसते. पण उंदीर म्हणजे माणूस नव्हे, आणि अर्क म्हणजे पेल्यातलं पाणी नव्हे. पेल्यातून पोटात नेमकं किती जातं, आम्हाला सांगता येत नाही. एका झाडात जास्त, दुसऱ्यात कमी. आशा आहे, काका, पण आज तरी ती आशाच आहे."

"पण रंग चांगला येतो," भोवऱ्या म्हणाला. "रंग आला म्हणजे औषध आलंच की."

"असं नाही म्हणता येत. रंग एका पदार्थाचा असेल आणि गुण दुसऱ्याचाच. रंग दिसतो म्हणून लोकांना धीर येतो, आणि मला भीती वाटते ती त्याचीच. लोक गोळ्या सोडून देतात." त्यांनी कप खाली ठेवला. "तुमच्या घरी कुणी पितं का हे पाणी?"

"बहीण पिते."

"गोळ्या घेतात ना त्या?"

"घेते," भोवऱ्या म्हणाला.

एका शब्दाचं खोटं. कोणी मागितलं नव्हतं, कुणाचा फायदा नव्हता. बाई पिशवी घेऊन गेल्या आणि भोवऱ्यानं लेथ बंद केला. आज काय ते सांगूनच टाकायचं असं ठरवून तो तडक ताईकडे निघाला. वाटेत त्यानं वाक्यंही जुळवली. पण दारात पोचला तर आत ताई एका गिऱ्हाइकाला ग्लास दाखवत होती. "लहानपणी याला सगळे वाया गेलेला म्हणायचे," ती सांगत होती. "आता बघा." तिनं मान वर केली, भोवऱ्याला पाहिलं आणि हसली. असं ती त्याच्याकडे बघून फार क्वचित हसायची. तो दारातूनच परत फिरला. त्या रविवारी त्यानं पेला जरा जास्तच खरवडला.

पहिली खूण दिसली तीही रंगाचीच. एका गिऱ्हाइकानं तपकिरी कोट परत आणला. कोपरावरचं रफू गर्द हिरव्या दोऱ्यानं केलेलं होतं. ताईच्या हातून असं कधीच घडलं नव्हतं. ती भडकली. कापडाला नावं ठेवली, गिऱ्हाइकाला ठेवली, मग खोलीतल्या दिव्याला ठेवली.

"या दिव्याचा उजेडच पिवळट आहे. रंग कळणार कसा?"

भोवऱ्या धावत जाऊन पांढरा लख्ख दिवा घेऊन आला. स्टुलावर चढून स्वतःच्या हातानं बसवला. वर चढल्यावर त्याच्या मनात आलं, की दिव्यात काही खोट नाही. त्याला ते अगदी स्पष्ट कळलं होतं. तो खाली उतरला, हात झटकले आणि म्हणाला, "आता दिसेल बघ."

मग ताई कापडावरून काहीतरी झटकायला लागली. काम करता करता उगाच हातानं बाजूला सारायची.

"काय गं, काय झटकतेस?"

"दोरे आहेत रे काळे. कुठून येतात कळत नाही. झटकले तरी जात नाहीत."

दोरे कापडावर नव्हते, तिच्या डोळ्यांत होते. आतल्या नाजूक नसा फुटून रक्त उतरत होतं. मुलीनं तिला जवळजवळ ओढतच डॉक्टरांकडे नेली, पण तोवर फार उशीर झाला होता. लेझर झालं, शस्त्रक्रिया झाली, एका डोळ्याला अंधूक उजेड तेवढा राहिला. दुसरा गेलाच. रिळांच्या खणांवर मुलीनं पडदा लावला. ताईनं विचारलं, "पडदा कुठल्या रंगाचा लावलास?" आणि उत्तर ऐकून म्हणाली, "कसला रंग निवडलास गं!" सगळे हसले. भोवऱ्या बाहेर जाऊन जिन्यावर बसला आणि गुडघ्यांत डोकं घालून रडला.

एवढं झाल्यावर तरी त्यानं बोलायला हवं होतं. ताई आता मुलीच्या धाकानं गोळ्या घेत होती, पण गोळ्यांनी भागण्यासारखं राहिलं नव्हतं. डॉक्टर म्हणत होते, इंजेक्शन सुरू करा. ताई ऐकायला तयार नव्हती. "डोळे वयानं गेले," तिचं म्हणणं. "बाकीचं शरीर पेल्यानं सांभाळलंय." रोज सकाळी ती भोवऱ्याला विचारायची, "रंग आलाय का रे?" आता बघायला तिचे डोळे नव्हते, त्याचे होते. तो म्हणायचा, "आलाय." आणि खोटं बोलू नये म्हणून, हसू नका, दर रविवारी पेला खरवडतही होता. रंग खरोखर यायचा. आपण खरं तेच बोलतो, अशी तो स्वतःची समजूत घालायचा.

मग ताईच्या पायाला चप्पल लागली. टाचेवर एवढीशी जखम, तिला ती जाणवलीही नाही. मुलीच्या लक्षात आली तोवर चिघळली होती. डॉक्टरांनी मुलीला आणि भोवऱ्याला बाहेर बोलावून सांगितलं, साखर अशीच राहिली तर जखम भरणार नाही, आणि नाही भरली तर पाय काढावा लागेल. मुलीनं इंजेक्शनं आणून फ्रिजमध्ये ठेवली. ताईनं एकच धोशा लावला, "रंग येतोय तोवर सुई नाही."

त्या रविवारी भोवऱ्यानं पेला नेला नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नेला नाही. रंग उतरत गेला. तो रोज 'आलाय' म्हणत गेला, कारण थोडा तरी असायचा. मग एका सकाळी त्यानं पेल्यातलं पाणी ग्लासात ओतलं, तर ते नळाच्या पाण्यासारखं निवळशंख होतं.

"रंग आलाय का रे?" ताईनं खुर्चीतून विचारलं.

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला होता; मुलगी ऐकत होती.

"नाही आला, ताई."

"नीट बघ. खिडकीशी धर."

त्यानं खिडकीशी धरला. खिडकीचे गज, रस्त्यावरची सायकल, सगळं त्या पाण्यातून आरपार दिसत होतं. "नाही," तो म्हणाला.

"पेला दे इकडे."

ताईनं पेला दोन्ही हातांत घेतला. अंगठा आत, तर्जनी बाहेर, अशी कड चिमटीत धरून ती बोटं फिरवत गेली. कुठला कोट कुठे विरलाय हे ती डोळ्यांआधी बोटांनी ओळखायची. बोटं एका जागी थांबली.

"हा इतका झिरझिरीत कसा झाला?"

भोवऱ्यानं सांगितलं. पटाशी, रविवार, संशोधनवाल्या बाई, गोळ्यांचा डबा, सगळं. सांगताना त्याला वाटत होतं की आता तिनं उठून एक ठेवून द्यावी, लहानपणी द्यायची तशी. ताई उठली नाही.

"म्हणजे पहिल्या महिन्यातच रंग गेला होता?"

"हो."

"आणि तू बोलला नाहीस."

"तू एवढं कौतुक करत होतीस गं. माझ्याच्यानं बोलवेना."

ताईची बोटं परत पेल्याच्या कडेवरून फिरत राहिली.

"अरे मूर्खा," ती म्हणाली. "तेव्हाच सांगितलं असतंस, तर मी तुला चार शिव्या हासडल्या असत्या आणि त्याच दिवशी गोळ्या सुरू केल्या असत्या. एवढंच झालं असतं रे."

हे असंच झालं असतं, हे भोवऱ्यालाही ठाऊक होतं. ताई रागावली असती, संध्याकाळपर्यंत विसरली असती, आणि आज खिडकीत बसून कुणाच्या तरी कोटाला नावं ठेवत असती.

ताईनं मान वळवून हाक मारली. "अगं ए, उभी राहून काय ऐकतेस? आण ती तुझी सुई."

मुलगी धावली. ताईनं डोळे घट्ट मिटले, मिटून उपयोग नव्हता तरी, आणि भोवऱ्याचं मनगट असं करकचून धरलं की तिची नखं रुतली.

"झालं," मुलगी म्हणाली.

"झालं?" ताईनं मनगट सोडलं. "इतकंच होतं होय?" मग जरा वेळानं म्हणाली, "मी सुईला घाबरले आणि तू मला. छान जोडी जमली."

तिचा पाय पुढे वाचला. जखम भरायला पुष्कळ दिवस लागले, पण भरली. भोवऱ्या रोज सकाळी येत राहिला. रंग सांगायचं काम उरलं नव्हतं, तो तिला इंजेक्शन द्यायला शिकला होता. पहिल्यांदा त्यानं स्वतः सुई टोचली तेव्हा ताईनं हूं का चूं केलं नाही. पेला तिनं टाकू दिला नव्हता. तो मांडीवर घेऊन ती विरलेल्या जागेवर बोट फिरवत बसली होती.

भोवऱ्यानं सुई काढली, कापसाचा बोळा दाबून धरला आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिला. 'जमलं' म्हणाली होती ती एकदा. आज निदान 'नाही जमलं तुला' एवढं तरी तिनं म्हणावं, असं त्याला फार वाटलं. ताईनं नुसती बाही खाली केली आणि खिडकी उघडायला सांगितली.